तीताची नाही, मग तीमथ्याची का?

शंका : पौलाने आपल्या सहकाऱ्यांपैकी तीताची सुंता होऊ दिली नाही. तीमथ्याची मात्र केली. माणूस पाहून तत्त्व बदलायचे का?

समाधान : तुमची शंका रास्त आहे. तीमथ्याची सुंता झाली तीही यरुशलेमच्या सभेचा निर्णय गावोगाव पोचवण्याच्या प्रवासात, म्हणून ती अधिकच खटकते.

ही सभा इ.स. 49च्या सुमारास भरली. यहूदियातून आलेल्या काहींनी अंत्युखियात शिकवले होते की सुंतेवाचून तारण नाही. त्यांना हट्टी म्हणून मोडीत काढू नये. सुंता ही अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण. ती सोडणे त्यांना देवाचा शब्द मोडण्यासारखे वाटत होते. पण पेत्राने कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पाहिले होते, की सुंता न झालेल्यांवरही पवित्र आत्मा उतरतो. अखेर यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने सुचवले तेच ठरले : सुंतेची सक्ती नको, मूर्तीला वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म मात्र वर्ज्य.

आता तीत. तो ग्रीक, आणि सुंता त्याच्यावर अट म्हणून लादली जात होती. पौल तिथे नमला असता, तर प्रत्येक बिगरयहूदी विश्वासणारा मंडळीत दुय्यम ठरला असता. तीमथ्याची आई यहूदी, वडील ग्रीक, आणि हे त्या भागातल्या यहूद्यांना ठाऊक होते. त्यांच्यात काम करताना अडसर नको, एवढ्यासाठी त्याची सुंता झाली. त्यावाचून त्याचे तारण अडले होते असे कोणी म्हटले नाही. पौलाच्या पत्रांत या घटनेचा उल्लेख नाही, म्हणून काही अभ्यासक तिच्यावर शंका घेतात. मला ती खरी वाटते. यहूद्यांसाठी आपण यहूद्यासारखे झालो, असे तो करिंथकरांना स्वतःच लिहितो.

पौलाला काय सहन होत नसे, हे अंत्युखियात दिसते. पेत्र तिथे बिगरयहूद्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून माणसे आली तसा तो त्यांच्या पंगतीतून बाजूला झाला, आणि त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही. पेत्राने चुकीचे काही शिकवले नव्हते. तरी पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला, कारण त्या उठण्याने बिगरयहूद्यांना एकच वाट उरत होती : सोबत जेवायचे तर आधी यहूदी व्हा. तीमथ्याच्या सुंतेने कोणावर तशी वेळ आणली नाही.