जर्नलमधले इंग्रजी

अभियांत्रिकीच्या मुलांना इंग्रजी येत नाही, ही तक्रार कंपन्या करतात, पालक करतात, प्राध्यापकही करतात. तिच्यावरचा उपायही ठरून गेलेला आहे. पहिल्या वर्षी ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा पेपर आणि शेवटच्या वर्षी, प्लेसमेंट तोंडावर आली की, बाहेरून बोलावलेला प्रशिक्षक. तो ग्रुप डिस्कशनचा सराव घेतो, रेझ्युमेचा नमुना देतो, मुलाखतीला कसे बसावे ते सांगतो. या दोन टोकांच्या मधल्या काळात विद्यार्थी इंग्रजीत काय लिहितो, हे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक तो सतत लिहीत असतो. प्रत्येक प्रात्यक्षिकाचे जर्नल असते. प्रत्येक प्रयोगाखाली उद्दिष्ट, उपकरणे, कृती, निरीक्षणे, आकडेमोड आणि निष्कर्ष असतात. चार वर्षांत शेकडो पाने भरतात. तांत्रिक इंग्रजीचा खरा वर्ग हाच आहे आणि आपण नेमका तोच वाया घालवत आहोत, असे माझे मत आहे.

जर्नल लिहिले जात नाही, उतरवले जाते. सबमिशनचा आठवडा आला की वरच्या वर्गातल्या मुलांच्या फायली हॉस्टेलभर फिरतात, रात्री जागून त्या जशाच्या तशा उतरवल्या जातात आणि शिक्षक पानापानावर सह्या करतात. निष्कर्षाच्या जागी ‘दस वी हॅव सक्सेसफुली स्टडीड’ने सुरू होणारे ओळखीचे वाक्य येते. त्याचे व्याकरण ठीक असते. पण ते कोणत्याही प्रयोगाखाली खपते, याचाच अर्थ ते कोणत्याही प्रयोगाबद्दल काहीच सांगत नाही. चार वर्षे अशी पाने भरल्यावर मुलाच्या मनात एक समज घट्ट बसतो: इंग्रजीत लिहायचे ते सही मिळवण्यासाठी, वाचणाऱ्याला काही कळावे, हा त्याचा हेतूच नसतो.

सिव्हिलच्या प्रयोगशाळेतले एक साधे उदाहरण घेऊ. एम-25 प्रतीच्या काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे तीन क्यूब 28 दिवसांनी मशीनखाली फोडले. समजा, त्यांची ताकद अनुक्रमे 30, 29 आणि 21 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भरली. सरासरी 26.67 आली. ती 25 च्या वर आहे, म्हणून मुलगा ‘काँक्रीट एम-25 प्रतीचे आहे’ असे लिहून मोकळा होतो. परंतु आयएस 456:2000 या भारतीय मानकाप्रमाणे एकेका क्यूबची ताकद सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून अधिक कमी-जास्त असू नये. असेल तर तो नमुनाच ग्राह्य धरता येत नाही. इथे तिसरा क्यूब सरासरीपेक्षा 21 टक्क्यांनी खाली आहे. म्हणजे या चाचणीवरून काँक्रीट चांगले असेही म्हणता येत नाही आणि वाईट असेही म्हणता येत नाही. निष्कर्ष लिहायचा तो असा: सरासरी इतकी आली, एक क्यूब मर्यादेबाहेर गेला, नमुना बाद ठरतो, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. ही चार वाक्ये ज्याला लिहिता येतात त्याला इंग्रजीही आले आणि काँक्रीटही कळले. हाती असलेल्या पुराव्यावरून किती म्हणता येते आणि कुठे थांबावे लागते, हे सांगता येणे म्हणजेच तांत्रिक लेखन. हे शिकवायला प्रयोगशाळेपेक्षा चांगली जागा नाही.

जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही असे लेखन आपोआप येत नाही. जानेवारी 2003 मध्ये ‘कोलंबिया’ हे अवकाशयान उडताना त्याच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नासाच्या व्यवस्थापकांसाठी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांत वापरलेला तुकडा सुमारे 3 घनइंचाचा होता आणि पंखावर आदळलेला अंदाजे 1920 घनइंचाचा, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तळाशी बारीक अक्षरांत होती. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले. कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. अपघात एका स्लाइडमुळे झाला नाही, त्याची कारणे अनेक होती; पण चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्रपणे दखल घेतली आणि सविस्तर तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवले. त्या मजकुरात इंग्रजीची उणीव नव्हती. वाचणाऱ्याला आधी काय कळले पाहिजे, याचा विचार कमी पडला होता.

याच्या उलट, विमानांच्या देखभालीसाठी जगभर वापरले जाणारे ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ पाहावे. विमान दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, हे ध्यानात घेऊन 1980 च्या दशकात युरोपच्या विमान उद्योगाने ते घडवले. त्यात सामान्य शब्द सुमारे 900, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचे. सांगली-नांदेडच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे. ज्या इंग्रजीची त्याला धास्ती वाटते ते इंग्रजी तंत्रज्ञानाला लागतच नाही. इथे लागते ते छोटे, सरळ आणि जबाबदार वाक्य.

हे वाक्य जुळवताना मराठीची मदत घ्यावी. प्रयोग संपल्यावर शिक्षकाने म्हणावे, ‘काय झालं ते आधी मराठीत सांग.’ ज्याला मराठीतही सांगता येत नाही त्याची अडचण विषयाची आहे. त्याला व्याकरणाचे पुस्तक देऊन उपयोग नाही. ज्याला मराठीत नीट सांगता येते त्याला चार इंग्रजी वाक्यांची रचना तेवढी दाखवायची आहे. आज या दोन्ही मुलांना आपण ‘इंग्रजी कच्चे’ या एकाच शिक्क्याखाली टाकतो आणि दोघांचेही नुकसान करतो.

मराठीतून अभियांत्रिकी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत 1820 च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठी व गुजराती मुलांना त्यांच्या भाषांतून अभियांत्रिकी शिकवली आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे 1840 च्या दशकात शिक्षण मंडळात शिक्षणाच्या माध्यमावरून वाद झाला, तेव्हा जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले आणि नाना शंकरशेट यांनी त्यांची साथ केली. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा इंग्रजीचा पक्ष बलवत्तर ठरला. 1854 मध्ये पुण्यात सुरू झालेली इंजिनिअरिंग क्लासची शाळा पुढे नामांकित महाविद्यालय झाली ती इंग्रजीतूनच. 2021 पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, याचे स्वागत केले पाहिजे. त्यामुळे इंग्रजी लेखनाची गरज मात्र संपत नाही. ड्रॉइंग, मानके, परदेशी ग्राहकांचे ईमेल इंग्रजीतच येणार. मराठीतून शिकलेल्या मुलाला तर हे लेखन अधिक मन लावून शिकवावे लागेल.

व्यावसायिक पत्रव्यवहाराचे दुखणे थोडे निराळे आहे. शाळेत मुलाने रजेचा अर्ज आणि फी-माफीची विनंती लिहिलेली असते. पत्र म्हणजे धाकट्याने मोठ्यापुढे केलेली विनवणी, हे तिथेच मनात रुजते. मग भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात पुरवठादाराचा माल नाकारण्याची वेळ येते तेव्हा तो आदराच्या दोन ओळी लिहितो आणि मुद्दा सोडून देतो. पार्ट नंबर काय, कोणता लॉट, ड्रॉइंगवर माप किती, प्रत्यक्षात किती भरले, किती नग तपासले, आता काय हवे आणि कधीपर्यंत, हे एवढे ईमेलमध्ये आले की काम पुढे सरकते. नम्रता हवीच, पण ग्राहकाला किंवा साहेबाला ‘हे माप टॉलरन्सबाहेर आहे’ असे लेखी कळवण्याचे धैर्यही हवे. ते वर्गातच अंगवळणी पडले पाहिजे.

यावर आक्षेप येतील. प्राध्यापक म्हणतील, वेळ कुठून आणायचा? वीस मुलांची बॅच आणि दहा प्रयोग म्हणजे दोनशे लेख झाले. ते कोण वाचणार? आक्षेप रास्त आहे, म्हणून सगळे वाचूच नयेत. सत्रातले दोन प्रयोग निवडावेत. त्यांचा अहवाल मुलाने स्वतःच्या निरीक्षणांवरून एक पानभर लिहावा, शिक्षकाने शेरे मारून परत द्यावा आणि मुलाने तो पुन्हा लिहावा. इंग्रजीच्या शिक्षकांनी त्या दोन दिवशी प्रयोगशाळेत बसावे. पुनर्लेखनाला टर्म-वर्कमध्ये गुण असावेत. मुलाखतीचे काय, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की बाद ठरलेला नमुना का बाद ठरला, हे ज्याला दोन मिनिटांत समजावून सांगता येते त्याच्याकडे मुलाखतीत बोलायला काहीतरी असते.

आता आणखी एक निकड आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मिनिटभरात निर्दोष इंग्रजीतला अहवाल लिहून देते. निव्वळ सफाईदार भाषेला गुण देण्यात त्यामुळे अर्थ उरला नाही. ‘हा आकडा तू कुठून आणलास आणि या वाक्यामागे तू उभा राहशील का?’ हा प्रश्न प्रत्येक ओरलमध्ये विचारला गेला पाहिजे.

अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्याला अनुसरून पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांमध्ये नीट अहवाल लिहिण्याचा समावेश आहे. अनेक महाविद्यालयांच्या भिंतींवर ही यादी लावलेली दिसते. ती खरी करायला नवा पेपर नको, नवी भाषा-प्रयोगशाळाही नको. विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: येत्या सत्रात दोन प्रयोग निवडा, त्यांची जर्नले उतरवू देऊ नका आणि न वाचता एकाही पानावर सही करू नका.