पणती किती दूर दिसते?

गेल्या दिवाळीत पहाटेचा फराळ चालला असताना कॅनडातल्या मुलाचे शुभेच्छाचित्र आले. काळ्याभोर पटावर भारत, आणि त्यावर पांढरे, निळे, हिरवे, तांबडे ठिपके. खाली ओळ होती : 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत.' माझ्या आईने चष्मा पुसला, ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि आमचे गाव शोधून काढले. म्हणाली, "म्हणजे आपला उजेड त्याला तिथून दिसतो!"

चित्र दिवाळीचे नव्हते, हे मला ठाऊक होते. अमेरिकेच्या हवामान-उपग्रहांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या रात्रींवरून ते रचलेले आहे. १९९२, १९९८ आणि २००३ साली जिथे नवे दिवे दिसले, तिथे निरनिराळे रंग भरले आहेत. तो वाढत्या वस्तीचा नकाशा होय. २०१२ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे उपग्रहचित्र नासाने प्रसिद्ध केले, तेव्हा सोबत सांगितले की, सणामुळे उजेडात पडणारी भर इतकी अल्प असते की ती अंतराळातून बहुधा जाणवतही नाही.

आता हे आईला सांगावे काय? एका गोड समजुतीने कोणाचे काय बिघडते? पण प्रेमापोटी का होईना, खोट्याचा आधार दिला की, ते प्रेम त्या खोट्याइतकेच तकलादू होते, असे मला वाटते.

दूरच्या दृष्टीचे मोल मी नाकारत नाही. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवलेली पृथ्वी टिपली. त्या छायाचित्रात कोणत्याच देशाची सरहद्द दिसत नाही, ही केवढी शिकवण! पण त्यात एकही माणूस दिसत नाही, हेही तितकेच खरे. अखिल मानवजातीचे भले चिंतणे सोपे असते. पणती मात्र कोणत्या तरी एकाच उंबऱ्यावर ठेवावी लागते.

मी आईला सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दिसत नाही तर विचारायला हवं. फोन लाव त्याला."

"पणती लावलीस का रे? कुठे ठेवलीस?" हा तिचा पहिला प्रश्न. तो म्हणाला, "खिडकीत, आजी."

तिचा चेहरा उजळला. सकाळी ठिपका सापडला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता.