जनुक, प्रारब्ध आणि पुरुषार्थ

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक आजारात हृदयाचा स्नायू, विशेषतः खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा, उच्च रक्तदाबासारखे कारण नसतानाही जाड होतो. १९५८ मध्ये लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी अकस्मात दगावलेल्या तरुणांच्या हृदयांत ही विकृती नोंदवली. १९९० मध्ये हार्वर्डमधील सीडमन दांपत्याच्या गटाने तिचे एक मूळ मायोसिन प्रथिनाच्या जनुकात शोधले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असे जनुक असल्यास ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

निरपराध व्यक्तीच्या वाट्याला असे दुःख का यावे, या प्रश्नाला कर्मसिद्धान्त प्रारब्धाचे उत्तर देतो. पूर्वकर्मांपैकी ज्यांचे फळ भोगायला सुरुवात झाली, ते प्रारब्ध. दोष जन्माबरोबरच येतो, एवढ्यापुरते जनुक त्याच्यासारखे भासते. मात्र प्रारब्धाला कर्ता असतो आणि भोगणाराही तोच असतो. जनुकातील बदलाला कर्ता नसतो. पेशीविभाजनाच्या वेळी झालेली जनुकाची नक्कल चुकते आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते. म्हणून विज्ञान रोगाचे कारण सांगते, पण त्यावरून रुग्णाला किंवा त्याच्या आईवडिलांना नैतिक दोष देता येत नाही.

शिवाय दोष असला की आजार होतोच, असेही नाही. हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ (सीसीएमबी) या संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळाल्याचा दोष सुमारे ४ टक्के भारतीयांमध्ये आढळतो. हा दोष असलेल्यांपैकी बहुतेकांना तरुणपणी त्रास जाणवत नाही. एकाच कुटुंबात तोच दोष असलेल्या दोघांपैकी एकाला गंभीर आजार होतो, तर दुसरा निरोगी राहू शकतो.

दैव आणि पुरुषार्थ यांच्या वादात योगवासिष्ठ या ग्रंथाने पुरुषार्थाचा, म्हणजे माणसाच्या प्रयत्नाचा, पक्ष घेतला आहे. या आजारात पुरुषार्थाला वाव मिळतो तो निदानानंतर. इकोकार्डिओग्रामने वेळोवेळी तपासणी करता येते, धोका मोठा असल्यास छातीत डिफिब्रिलेटर (विजेच्या धक्क्याने हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र) बसवता येतो, आणि मायोसिनचा जोर कमी करणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र एकाच्या निदानातून भावंडांच्या आणि मुलांच्याही धोक्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या जनुकांबद्दल काही न जाणण्याचा हक्क एखाद्याला स्वतःपुरता राखता येईल. पण नातेवाइकांना सावध करण्याच्या कर्तव्यातून तो हक्क सुटका देत नाही. जनुक मिळणे हे कर्म नसले, तरी त्याची माहिती मिळाल्यावर बोलणे किंवा गप्प राहणे हे कर्मच ठरते.