नेम साधायचा तर नेमाने



आपले कोल्हापूर जसे कुस्तीचे, तसे नेमबाजीचेही. २०१० साली म्युनिक येथे तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. ५० मीटरवरच्या रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते!

परंतु प्रत्येक नेमबाजाची सुरुवात चुकलेल्या नेमानेच होते. एकदा आम्ही एका नवशिक्या मुलाचा सराव पाहत उभे होतो. त्याचा छर्रा कधी उजवीकडे जाई, कधी खाली. दर वेळी तो रायफलीची साइट फिरवून बघे. शेवटी प्रशिक्षक म्हणाले, "साइटला हात लावू नकोस. सगळे छर्रे एकाच जागी चुकले असते, तर दोष साइटचा. तुझे चहूकडे विखुरलेत. दोष हातात आहे."

मग प्रशिक्षक स्वतः रायफल भरून त्याच्या हाती देऊ लागले. एकदा त्यांनी न सांगता ती रिकामीच दिली. मुलाने चाप दाबला. छर्रा सुटलाच नाही, पण नळी मात्र हलली! घाईने चापाला बसणारा झटका त्याला प्रथमच दिसला. त्यानंतर पंधरा दिवस रिकाम्या रायफलीनेच सराव. श्वास स्थिर करायचा आणि चाप हळूहळू मागे घ्यायचा. एवढेच.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पापासाठी 'हमार्तिया' हा शब्द येतो. त्याचा जुना अर्थ नेम चुकणे. आणि नेम चुकला की आपणही त्या मुलासारखी साइटच फिरवत बसतो. घरात आवाज चढला, तर दोष पत्नीचा. पिऊन आलो, तर दोष मित्रांचा. भावाशी बोलणे तुटले, तर दोष वाटणीचा. पण ज्या दिवशी कोणी काही बोललेले नसते, त्या दिवशीही आपला आवाज चढतोच ना? तीच आपली रिकामी रायफल. झटका आपल्याच हातात आहे, हे प्रामाणिकपणे पाहणे म्हणजेच विवेक-परीक्षण.

आपल्यापैकी कित्येकांनी पापनिवेदनाला येणे सोडले आहे. कारण विचारले तर म्हणतात, "फादर, दर वेळी तेच पाप किती वेळा सांगायचे? लाज वाटते." बंधुभगिनींनो, शिकणाऱ्याची तीच चूक पुन्हा पाहून चांगला प्रशिक्षक कंटाळत नाही. त्याला काळजी वाटते ती सरावाला यायचेच बंद केलेल्याची. प्रभू येशू तर प्रशिक्षकाहून किती मोठा! प्रशिक्षक चूक दाखवतो. प्रभू चूक क्षमा करतो आणि आपला हात स्वतःच्या हातात धरतो. क्षमा हे सरावाचे बक्षीस नव्हे. क्षमा आधी मिळते. तिच्याच बळावर सराव करायचा असतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात संत पौलानेही श्रद्धेच्या जीवनासाठी खेळाडूच्या शिस्तीचा दाखला दिला आहे. तो अध्याय या आठवड्यात घरी जरूर वाचावा.

सगळे दोष एकदम सुटत नाहीत. म्हणून या आठवड्यात आपण एकच दोष निवडू या. राग असेल, तर शब्द तोंडात येताच एक श्वास थांबू या. तरीही चुकलो, तर झोपण्यापूर्वी त्या व्यक्तीची माफी मागू या. रोज रात्री पाच मिनिटे दिवस आठवू या आणि वेळ न दवडता प्रायश्चित्त संस्काराला येऊ या.

मराठीत 'नेम' म्हणजे लक्ष्य आणि 'नेम' म्हणजे नित्याचा नियमही. दुसरा पाळल्याशिवाय पहिला साधत नाही. कुसाळे यांनी पदक मिळवले, त्या प्रकारात तीन स्थितींतून नेम धरावा लागतो: गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून. त्यांतली पहिली गुडघ्यावरची. आपणही तेथूनच सुरुवात करू या.

प्रभू आपणा सर्वांना स्थिर हात आणि नम्र अंतःकरण देवो. आमेन.