हात थांबायच्या आधी आणि थांबल्यावरही



चातुर्मासातलं आपलं रोजचं वाचन आता ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात येऊन पोचलं आहे. हा क्षेत्र-क्षेत्रज्ञाचा अध्याय. भगवंत इथे अर्जुनाला ज्ञानाची लक्षणं सांगतात. मानाची हाव नसणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, अशी एकेक लक्षणं येत जातात. त्या यादीत मध्येच एक लक्षण असं आहे की तरुणपणी वाचताना आपण ते भरभर ओलांडून पुढे जातो. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि रोग यांतलं दुःख, त्यांतला दोष नीट न्याहाळत राहणं, हेही म्हणे ज्ञानाचं लक्षण!

गीतेत हे सगळं एका श्लोकाच्या अर्ध्यात उरकलं आहे. माउली मात्र तिथे चांगलं ठाण मांडून बसले आहेत. म्हातारपण कसं येतं ते त्यांनी इतक्या बारकाईने सांगितलंय की वाचताना आपलाच हात आपल्या गालाकडे जातो. आजचं भरलेलं अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल. कमळाच्या पाकळीशी भांडणारे हे डोळे पिकलेल्या पडवळासारखे दिसतील. रात्री खोकल्याची ढास लागेल, शेजाऱ्यांनाही झोप लागू देणार नाही, आणि लोक म्हणतील, हे म्हातारं पुष्कळांना शिणवणार आहे!

आता गंमत बघा. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, नेवाशाला. परंपरेप्रमाणे माउलींचं वय तेव्हा पंधरा वर्षांचं. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्रीच्या ढासेचं दुःख कुठून कळलं? शेजारच्या खोलीत चाललेली कुजबुज ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनात काय चालतं, हे त्याला कुणी सांगितलं? बरं, त्यांना स्वतःला म्हातारपण आलंच नाही. एकविसाव्या वर्षी त्यांनी आळंदीला समाधी घेतली. ना केस पिकले, ना गुडघे धरले. आणि आपण सत्तरीचे, ऐंशीचे लोक त्यांना हाक मारतो ती कशी? माउली! आई!

मला वाटतं, म्हणूनच हा भाग विश्वासाने वाचावा. यात आपल्या दुखण्याची तक्रार नाही. एका लेकराने सगळ्यांच्या आजी-आजोबांकडे टक लावून पाहिलंय आणि पाहिलेलं तसंच्या तसं सांगितलंय.

एवढं वर्णन झाल्यावर माउली त्या ज्ञानी माणसाच्या मनात शिरतात. तो काय ठरवतो? पाय पांगळे होतील, त्याआधी तीर्थांना जाऊन येऊ. डोळे जातील, त्याआधी पाहण्यासारखं आहे ते पाहून घेऊ. वाचा मुकी होईल, त्याआधी चांगलं बोलून घेऊ. हात लुळे पडतील, त्याआधी दानधर्म करून घेऊ. एकेका अवयवाला एकेक काम. घर सोडायच्या आदल्या दिवशी बाई कशी पाणी आहे तोवर पिंप भरून ठेवते, वीज आहे तोवर दळण दळून घेते, तसं.

ज्यांचं वय अजून तीस-चाळीस आहे त्यांच्यासाठी आजचा पाठ इथेच संपला असं समजा. बाळांनो, वारीला जायचं असेल तर यंदाच जा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं आणि दिवे घाट चढायचा, तर गुडघे आपल्या बाजूने हवेत. आईला फोन करायचा असेल तर तिला ऐकू येतंय तोवर करा.

पण आमच्यासारख्यांचं काय? मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. उजव्या कानात यंत्र आहे, डाव्यात यंत्राचाही उपयोग नाही. कुकरच्या शिट्ट्या मी आता मोजत नाही, झाकणावरची वाफ बघते. देवळाच्या सतरा पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीवर मी टेकते. माझ्यापाशी माउलींचं ते ‘त्याआधी’ अर्धंमुर्धंच उरलंय. आणि काहींपाशी तेवढंही नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर माझी एक मैत्रीण राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या माघात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते, तेवढंच. एके काळी हिच्या हातच्या फुलवाती अर्ध्या पेठेत जायच्या. चातुर्मासात लाख वातींचा नेम हिने किती जणींना पुरा करून दिलाय! आता बोटं थरथरतात, कापूस धरवत नाही. सून नोकरीला जाते, दिवसभर एक मावशी असतात. घरचं कुणी एका शब्दाने बोलत नाही. तरी ही दिवसातून दहा वेळा म्हणते, “आता देवानं न्यावं गं. माझा काय उपयोग? सगळ्यांना नुसता त्रास.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. आपल्याकडे म्हातारी माणसं ते इतकं सहज म्हणतात की ऐकणारा ‘असं काय बोलता’ म्हणून चहा करायला निघून जातो. पण मी तिच्याशेजारी बसलेली असते आणि मला तिचा चेहरा दिसतो. ती खरंच विचारत असते. देवाला विचारत असते, आणि देव उत्तर देत नाही म्हणून मला विचारते.

परवा मी ज्ञानेश्वरी खाली घेऊन गेले आणि तिला हाच भाग वाचून दाखवला. खोकल्याची आणि शेजाऱ्यांची ओवी आली तशी ती हसायलाच लागली. म्हणाली, “म्हणजे तेव्हाही असंच होतं तर!” किती दिवसांनी हसली. आपल्या मनातलं दुखणं सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट लिहून ठेवलंय, एवढ्यानेसुद्धा माणूस थोडा मोकळा होतो.

पण पुढच्या ओव्यांना तिचा चेहरा पुन्हा उतरला. “हात थांबायच्या आधी करून घ्यावं म्हणतात ना माउली? माझे तर थांबले.”

याला काय उत्तर द्यायचं? मी पानं मागे उलटली. याच तेराव्या अध्यायात, याच्या थोडं आधी, गुरुसेवेचं लक्षण आहे. माउलींचे गुरू म्हणजे त्यांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. गुरूचा विषय निघाला की माउलींना भान राहत नाही, ओव्यांमागून ओव्या येतच राहतात. शिष्य म्हणतो, गुरूंच्या पादुका मी होईन, त्यांच्यावरचं छत्र मी होईन, त्यांच्या घरातला नोकरचाकर, जे म्हणाल ते सगळं मीच होईन. इथवर ठीक, हे हातापायांचं काम झालं. पण त्याचं एवढ्यावर भागत नाही. तो म्हणतो, देह पडल्यावरही मी सेवा सोडणार नाही. या शरीराची माती होईल ना, ती गुरू जिथे पाय ठेवतील त्या जमिनीत मिसळेन. यातलं पाणी, ते ज्या पाण्याला हात लावतील त्यात नेऊन ओतेन. यातलं तेज, त्यांना ओवाळतात त्या दिव्यात ठेवेन.

हे दोन्ही भाग एकाच अध्यायात आहेत, मंडळी. एकात म्हटलंय, हातपाय चालताहेत तोवर करून घे. दुसऱ्यात म्हटलंय, सगळं थांबून माती झाली तरी सेवा थांबत नाही. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे ना, तिथे आपण म्हातारी माणसं बसलेलो आहोत. आपले हात थांबलेत, पण आपण अजून माती झालेलो नाही.

आणि त्या मातीकडे जरा बघा. माती सेवा म्हणून करते तरी काय? काहीच नाही. ती खाली असते. गुरूंनी पाय ठेवला की त्यांना उभं राहता येतं, एवढंच तिचं काम. पाणीसुद्धा काही करत नाही, हात बुडवला की बुडवून घेतं. माउलींच्या मनात सेवेची जी शेवटची, सगळ्यात मोठी इच्छा आहे तिच्यात धावपळ कुठेच नाही. नुसतं असणं आहे, दुसऱ्याला टेकता येईल असं असणं.

मग ‘माझा काय उपयोग’ या प्रश्नातच थोडी गफलत आहे, असं मला वाटतं. उपयोग हा बाजारातला शब्द झाला. फुटक्या बादलीचा काय उपयोग, जुन्या छत्रीचा काय उपयोग, असं आपण म्हणतो. देवाच्या दारात हा हिशेब कुणी मांडला? वारीत बघा. दिंडीत ऐंशीची म्हातारी असो की आठ वर्षांचं पोर, हाक एकच, माउली. आणि सगळे सगळ्यांच्या पाया पडतात. ज्याच्या पाया पडलो तो किती मैल चालला, किती ओझं उचलतो, हे कुणी विचारत नाही. ज्यांना चालवत नाही ते रस्त्याच्या कडेला दारात बसून पालखीची वाट बघतात. पुढून जाणारा वारकरी वाकून त्यांच्याही पाया पडतो. तो म्हातारा तिथे बसलेला नसता तर वाकणाऱ्याला वाकायला जागा कुठून मिळाली असती?

हे मी तिला असंच्या असं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी नुसती पडून राहिले तरी चालेल?”

म्हटलं, चालेल. पण बाई, जमिनीसारखं पडून राहायचं. आलेल्या पायाला टोचायचं नाही. मावशींनी अंग पुसताना ‘हळू गं’ म्हणायचं ते रागाने न म्हणता म्हणायचं. सुनेने ताट आणलं की ‘कशाला गं माझ्यासाठी’ असं म्हणून तिच्या हाताला ओझं वाटायला लावायचं नाही, ‘छान झालंय’ म्हणायचं. सेवा घेणं हीसुद्धा अवघड साधना आहे. जन्मभर ज्या हातांनी दिलं त्यांना घेणं जमत नाही. देताना आपण मोठे असतो, घेताना लहान व्हावं लागतं. ज्ञानाच्या त्या यादीत पहिलं लक्षण मानाची हाव नसणं हेच आहे, ते का, हे मला तिच्या पलंगाशेजारी बसून थोडं कळलं.

राहिला प्रश्न न्यायचा. तेही नीट बघू या. हा देह भाड्याचं घर आहे असं आपण भजनात मान डोलावून ऐकतो. मग घर कधी रिकामं करायचं ते मालक सांगेल. ‘आत्ताच्या आत्ता ने’ हा हट्ट आणि ‘नेऊच नकोस’ हा हट्ट, दोन्ही भाडेकरूचेच! माउलींचा तो ज्ञानी म्हातारपणाकडे उघड्या डोळ्यांनी बघतो, पण मरण लवकर येऊ दे असं मागत नाही. आहे त्या दिवसाला काय काम द्यायचं, एवढंच तो बघतो.

आता तुम्हाला वाटेल, एवढं ऐकून तिचं ते वाक्य गेलं असेल. नाही गेलं. काल संध्याकाळीही म्हणाली, “न्यावं आता.” पण एक झालंय. तिच्याकडच्या मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या, माळकरी घरातल्या. त्यांना सगळा हरिपाठ तोंडपाठ आहे, हे इतक्या महिन्यांत कुणाला माहीतच नव्हतं. आता दिवेलागणीला मावशी पोळ्या लाटता लाटता हरिपाठ म्हणतात आणि ही पलंगावर बसून वॉकरच्या दांडीवर बोटांनी ताल धरते. थरथरणारी बोटं आहेत, ताल कधी चुकतो. मावशी थांबतात, ताल जुळला की पुन्हा सुरू करतात. मला शब्द नीट ऐकू येत नाहीत, पण दांडीवरची बोटं दिसतात, त्यावरून कळतं कितवा अभंग चाललाय ते. सत्ताविसावा झाला की ती हात जोडते आणि मग म्हणते, न्यावं आता. पूर्वी हे वाक्य सकाळी उठल्याउठल्या यायचं. आता हरिपाठ होईपर्यंत थांबतं.

देवाने तेवढं उत्तर दिलं असं मी धरून चालले आहे.

आजचा नेम साधा आहे. जे अवयव अजून चालताहेत त्यांतल्या एकाला आज एक काम द्या. डोळे असतील तर ज्याला दिसत नाही त्याला एक पान वाचून दाखवा. कान असतील तर एखाद्याचं तेच ते बोलणं पाचव्यांदा ऐका. पाय असतील तर दोन जिने उतरून कुणाच्या तरी पलंगाशेजारी जाऊन बसा. आणि काहीच चालत नसेल, तर आज जो कुणी तुमचं करायला येईल त्याच्याकडे बघून हसा. तेवढी जमीन व्हा.

माउली, आमचं जे गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. जे उरलंय ते तुमच्या पायाखाली असू द्या.

राम कृष्ण हरी.