बीज, आहार आणि दैव

मंदबुद्धी बालकाला पाहून लोक बहुधा दोहोंपैकी एक उद्गार काढतात. कोणी म्हणतो, हे त्याचे प्रारब्ध. कोणी म्हणतो, हा आईबापांच्या संगोपनाचा दोष. पहिल्या उद्गाराने प्रयत्न खुंटतो. दुसऱ्याने आधीच दुःखी असलेल्या मातेवर निष्कारण कलंक येतो. बीज आणि परिस्थिती यांना परस्परांपासून तोडून पाहिल्यामुळेच ही भूल होते.

नॉर्वेतील एक माता आपल्या दोन मंदबुद्धी मुलांच्या व्याधीचे कारण वर्षानुवर्षे शोधीत होती. मुलांच्या मूत्राला विलक्षण वास येई. अखेर १९३४ साली डॉक्टर आस्ब्यर्न फॉलिंग यांनी ते तपासले, तेव्हा त्यांना त्यात एक अनपेक्षित द्रव्य आढळले. या व्याधीस पुढे फेनिलकीटोनुरिया असे नाव मिळाले. यात मातापिता स्वतः बहुधा निरोगी असतात; परंतु दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर बालकाच्या यकृतात अन्नातील फेनिलॲलानिन या घटकाचे रूपांतर नीट होत नाही. तो घटक रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूस इजा करतो. आईच्या दुधातही तो असतोच.

मग दोष कोणाचा? दूध तर कोट्यवधी बालकांचे पोषण करते. आणि जनुकही एकटे मेंदू बिघडवीत नाही. दोहोंचा संयोग झाला म्हणजेच अनर्थ ओढवतो. हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे एका लहान मुलीला हा घटक अत्यल्प असलेला आहार दिला. तिची स्थिती सुधारली. आहारात तो घटक पुन्हा मिसळताच ती खालावली. हा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ साली रॉबर्ट गथ्री यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीमुळे टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून हा दोष जन्मानंतर लवकरच ओळखता येऊ लागला. अशा बालकास आरंभापासून योग्य आहार दिला व तो पुढेही सांभाळला, तर त्याची बुद्धी सामान्यतः इतर मुलांसारखीच वाढते. जनुक तेच राहते. परिणाम मात्र बदलतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. दैव हे त्यांतील पाचवे, एकमेव नव्हे. प्रत्येक जन्मजात दोषावर असा उपाय सापडला आहे, असे नाही. परंतु उपाय नाही म्हणून सेवेचे कर्तव्य सुटत नाही, आणि उपाय असता दैवाकडे बोट दाखविणे हा तर कर्तव्यलोपच होय.

त्या नॉर्वेजियन मातेच्या मुलांना या ज्ञानाचा लाभ झाला नाही. त्यांच्या मेंदूची हानी तोवर होऊन चुकली होती. तिच्या चिकाटीचे फळ मिळाले ते तिने कधी न पाहिलेल्या बालकांना.