उत्तरायुष्यातील गुन्हेगारी

सेवानिवृत्त मराठी गृहस्थाने लेखणी हाती घेतली, की तो आत्मचरित्र लिहिणार, प्रवासवर्णन लिहिणार किंवा ज्ञानेश्वरीच्या एखाद्या अध्यायावर निरूपण करणार, अशी त्याच्या आप्तेष्टांची समजूत असते. आणि यांपैकी कोणतेही काम त्याने आरंभिले तरी कोणी त्याला आडकाठी करीत नाही, कारण ही तिन्ही कामे प्रतिष्ठित असून त्यांतले एकही पुरे होईल अशी धास्ती घरच्यांना नसते. परंतु तोच गृहस्थ जर म्हणू लागला, की मी खुनाची कादंबरी लिहिणार आहे, आणि तीही अशी की जीत रक्ताचा थेंब दिसणार नाही, पिस्तुलाचा बार ऐकू येणार नाही व अपराधी अखेरीस शेजारच्याच बिऱ्हाडातील कोणी सभ्य इसम निघेल, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी सुरू होते. सध्या या चौकशीचा विषय मी आहे.

चौकशीचे ठिकाण इरुंगाट्टुकोट्टै. चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव; आणि हा रस्ता म्हणजे पूर्वीचा चार क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, जो पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशी आपलीच ठिकाणे मागे टाकीत येथवर येतो. १९९० मध्ये येथे मोटारींच्या शर्यतींची धावपट्टी झाली. पुढे सिपकॉट या राज्य महामंडळाची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९९८ मध्ये ह्युंदाईच्या कारखान्यातून पहिली सँट्रो बाहेर पडली. त्या गाडीच्या मागोमाग सुटे भाग पुरविणारे कारखाने आले, आणि पिंपरी-चिंचवडच्या शिस्तीत मुरलेली माझ्यासारखी माणसेही आली. माझी नोकरी तपासणी विभागातली. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणे हाच ज्याचा उभ्या आयुष्याचा व्यवसाय, त्याला निवृत्तीनंतर गुन्ह्याच्या तपासावाचून दुसरे काय सुचणार, असे कोणी म्हणेल तर ते अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे असे, की आत्मचरित्राचा मला एक प्रकारचा संकोच वाटतो. आपल्याकडील बहुतेक आत्मचरित्रांत लेखक हा फिर्यादी असतो आणि प्रतिवादी गैरहजर. बढती कोणी अडवली, श्रेय कोणी लाटले, शेरा कोणी वाईट लिहिला, याची यादी प्रकरणाप्रकरणाने वाढत जाते व निकाल एकतर्फी लागतो. रहस्यकथेत ही सोय नाही. तीत पाच संशयित असतील तर पाचांचीही कैफियत लेखकाला लिहून घ्यावी लागते, आणि तीही इतक्या सहानुभूतीने की वाचकाला प्रत्येकाचा वहीम यावा. ज्या वरिष्ठाविषयी मनात वर्षानुवर्षे अढी बाळगली, त्याला संशयितांत उभे करणे हा प्रथम मोठा विलोभनीय सूड वाटतो. पण त्याच्यावर संशय बसण्यासाठी त्याच्या कठोरपणाला पुरेसे कारण द्यावे लागते, आणि एकदा ते कारण दिले की तो खलपुरुष राहत नाही, जाचात सापडलेला एक संसारी मनुष्य होतो. आत्मचरित्राने जो न्याय मला कधीच करू दिला नसता, तो हा हलका समजला जाणारा वाङ्मयप्रकार हात पिरगाळून करवून घेतो.

दुसरी गोष्ट रचनेची. रहस्यकथा वाचली जाते पहिल्या पानापासून, पण रचली जाते शेवटच्या पानापासून. परिणाम आधी ठाऊक असतो आणि त्याच्या कारणाकडे उलट चालत जावे लागते. तरुण मनुष्य जीवनाकडे आरंभाच्या बाजूने पाहतो, म्हणून त्याची कादंबरी वाहत जाते व कोठे थांबावे हे तिला कळत नाही. साठी उलटलेल्या माणसासमोर मात्र निकाल हजर असतात. कोणाचा संसार मोडला, कोणत्या दोन भावांत अबोला झाला, कोण कर्जबाजारी झाला हे सर्व त्याला माहीत असते, आणि 'हे असे कशाने झाले असेल' या एकाच प्रश्नाभोवती त्याची स्मृती फिरत असते. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने रहस्यकथेचे जे दहा नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा, की अपराधी कथेच्या पूर्वभागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. ज्याने काही आयुष्य पाहिले आहे, त्याला या नियमात नवे काही वाटत नाही.

ॲगाथा ख्रिस्तीने हे फार लवकर ओळखले होते. पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत असता विषांचे जे ज्ञान तिला झाले, ते तिने १९२० च्या पहिल्याच कादंबरीत वापरले. पण शोधक म्हणून तिने तरुण वीर न घेता बेल्जियन पोलिसांतून निवृत्त झालेला पोयरो घेतला. १९२६ च्या कादंबरीत तर तो एका खेड्यात भोपळे पिकवीत बसलेला आहे व खून त्याच्या शेजारी चालत येतो. पुढे तिला आपण या गृहस्थाला आरंभीच इतके वयस्क केले याचा पश्चात्ताप झाला, कारण तो काही केल्या मरेना.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून मराठी मुलांना पाठ्यपुस्तकाआड वाचनाची गोडी लावली, हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांचा नायक झुंजार ज्या जगात वावरतो तेथे वेषांतरे आहेत, पाठलाग आहेत, आणि गुडघेदुखी असलेल्या शोधकाला तेथे थारा नाही. मला हवा तो पूर्वज मिळाला तो येथे, तामिळ भाषेत. 'आनंद विकटन' या साप्ताहिकाचे देवन यांनी गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात सांबू नावाचा शोधक निर्माण केला. हा चाळिशी ओलांडलेला बँकेतला कारकून, सर्वांच्या मते मठ्ठ, आणि बहुतेक गुन्हे त्याच्या हातून योगायोगाने उलगडतात. सुजाता या पत्नीच्या नावाने लिहिणारे एस. रंगराजन तर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता होते; मतदानयंत्राच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, आणि त्याच हाताने त्यांनी गणेश व वसंत या वकील जोडीच्या रहस्यकथा लिहिल्या. यंत्र जाणणाऱ्याने कथा लिहू नये, असा दंडक निदान या प्रांतात तरी नाही.

आता माझ्या हाती काय आहे, ते सांगतो. कारखान्यात लेथवर होणाऱ्या भागांची मापे दर तासाला वहीत नोंदवावी लागतात. खरी भरलेली वही ओळखता येते: पाळी बदलली की शाई बदलते, अक्षर बदलते, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या नोंदीजवळ हटकून तेलकट अंगठा उमटलेला असतो. पण हे सर्व हुशार माणूस बनवू शकतो. बनवता येत नाही ते आकड्यांचे चालणे. टूल झिजत जाते तसा भागाचा बाहेरचा व्यास किंचित किंचित वाढत जातो, मग कोणी ऑफसेट बदलतो आणि तो एकदम खाली येतो, व पुन्हा चढू लागतो. घरी बसून पाळीभराची वही एका बैठकीत भरणारा मनुष्य आकडे मध्याच्या आजूबाजूला प्रामाणिकपणे विखुरतो, कधी वर, कधी खाली. त्याच्या आकड्यांना झीज नसते. अशी वही समोर आली म्हणजे तो मनुष्य त्या रात्री यंत्राजवळ नव्हता एवढे सिद्ध होते; मग तो होता कोठे, हा प्रश्न उरतो, आणि तेथे कादंबरी सुरू होते. दोष सापडला की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारावा, ही टोयोटाची रीत आम्हांलाही शिकवली होती. पण प्रत्यक्षात तिसऱ्या 'का'पाशी 'कामगारास पुन्हा प्रशिक्षण दिले' असा शेरा मारून कागद दप्तरी दाखल होत असे. चौथा आणि पाचवा 'का' माझ्याजवळ शिल्लक राहिला आहे.

एक आक्षेप मात्र मला थट्टेवारी नेता येत नाही. याच रस्त्याने थोडे पुढे गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. तेथे २१ मे १९९१ च्या रात्री राजीव गांधींसह अनेक माणसे मारली गेली, आणि त्या स्फोटात मेलेल्या एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील फिल्म शाबूत राहिल्यामुळे तपासाला धागा मिळाला. खरा पुरावा असा असतो, आणि त्याच्या मागे खरी प्रेते असतात. तेथील राजीव गांधींच्या स्मारकावरून जाताना चहाच्या पेल्यासोबत वाचायच्या खुनाची जुळवाजुळव करीत बसणे मला अवघड जाते. मरणाचा खेळ केला, हा आरोप या वाङ्मयप्रकाराने मान्यच करावा असे माझे मत आहे. त्याच्या बचावादाखल एवढेच म्हणता येईल, की त्यात एकाच माणसाच्या मरणासाठी सगळा गाव कामाला लागतो, आणि वर्तमानपत्रात तसे क्वचितच घडते.

गावाचाच प्रश्न बिकट आहे. या प्रकारच्या कथेला परस्परांना ओळखणारी बंदिस्त वस्ती लागते, आणि येथे जो तो बाहेरून आलेला. तरीही आमच्या सदनिकांच्या संकुलात पाण्याच्या टँकरचा हिशेब, पार्किंगची वहिवाट व चिटणीसपदाची निवडणूक यांवरून जे वैर चालते, ते पाहता ख्रिस्तीच्या मिस मार्पलचे खेडे मला भोळेभाबडे वाटते. फाटकावरच्या वहीत कोण किती वाजता आले हे लिहिलेले असते. ती वही आमचे सुरक्षारक्षक कशी भरतात, हे मी अर्थातच पाहून ठेवले आहे.

राहिली भाषा. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये मुंबईचा मराठी इन्स्पेक्टर घोटे निर्माण केला तेव्हा त्याने हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. त्या मानाने माझी मोडकी तामिळ म्हणजे विद्वत्ताच म्हणायची. परंतु माझ्या कथेतला पर्यवेक्षक तामिळ, व्यवस्थापक कोरियन, यंत्रावरचा मुलगा बिहारी आणि निरीक्षक सांगलीचा. हे चौघे परस्परांशी जी इंग्रजी-हिंदी-तामिळ खिचडी बोलतात ती मराठी पुस्तकात मराठीतच उतरवावी लागणार, आणि मग कोण नेमके काय बोलला यावर पुरावा म्हणून भिस्त ठेवता येत नाही. चौघेही बिनचूक वाचतात ते फक्त आकडे. म्हणून शेवटच्या प्रकरणात अपराधी जबानीवर नव्हे तर मायक्रोमीटरच्या एका मापावर सापडतो. ते माप कोणते, हे सांगण्यास मी प्रस्तुत लेखात बांधलेला नाही.